विश्लेषण : डेटाबेसची आवृत्ती बदलताच जुनी क्वेरी का अडते?

असंख्य संकेतस्थळांचा डेटा सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतरच्या ८.० साठी ओरॅकलने एप्रिल २०२६ ची मुदत ठरवली. त्यामुळे जुन्या प्रणालींना स्थलांतर टाळता येत नाही. मात्र प्रोग्रामची एकही ओळ न बदलता क्वेरी बंद पडू शकते. याचे एक मोठे कारण म्हणजे बदललेली डीफॉल्ट सेटिंग्ज.

नेमके काय बदलले?

क्वेरी किती काटेकोरपणे तपासायची, हे ‘एसक्यूएल मोड’ ही सेटिंग ठरवते. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ ने ती डीफॉल्टनेच कडक केली. त्याआधी दहा अक्षरांच्या रकान्यात पंधरा अक्षरांचे नाव भरले, तर उरलेली पाच अक्षरे कापली जात आणि फक्त इशारा नोंदवला जाई. आता ती नोंद थेट नाकारली जाते.

जुने उत्तर बरोबर होते का?

अनेकदा नव्हते. प्रत्येक जिल्ह्यातील सर्वाधिक बिल आणि ग्राहकाचे नाव ‘ग्रुप बाय’ वापरून मागितले, तर जुनी आवृत्ती रक्कम अचूक देई. नाव मात्र त्या जिल्ह्यातील कोणत्याही ग्राहकाचे असू शके. नवी आवृत्ती अशी क्वेरी चालवतच नाही.

देवनागरीचा संबंध काय?

८.० पूर्वी डीफॉल्ट अक्षरसंच ‘लॅटिन १’ होता. त्यात देवनागरीला जागाच नाही. कडक मोड बंद असेल, तर अशा रकान्यात मराठी नावाऐवजी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. ८.० ने डीफॉल्ट बदलला. पण आधीच्या तक्त्यांचा अक्षरसंच आपोआप बदलत नाही.

प्रत्येक बदल त्रुटी दाखवतो का?

नाही. ‘ग्रुप बाय’चे निकाल पूर्वी आपोआप क्रमाने लागत. ८.० पासून ‘ऑर्डर बाय’ न लिहिल्यास क्रमाची हमी नाही. क्वेरी चालते, यादी मात्र उलटसुलट येऊ शकते.

मग कडक मोड बंद करावा का?

तो सोपा मार्ग आहे, पण त्याने फक्त तक्रार थांबते, चुकीचा डेटा साठतच राहतो. ही सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळी ठेवता येते. त्यामुळे जुन्या प्रोग्रामला दुरुस्तीपुरती सवलत देऊन बाकी सर्वांसाठी कडक मोड चालू ठेवणे अधिक सुरक्षित.