सांथीची पहिली वर्दी

मार्च २०२४ मध्यें नागपुरांतील शासकीय अंडी उबवणी केंद्रांत बर्ड फ्लू शिरला आणि साडेआठ हजारांच्या सुमारास कोंबड्या माराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रांत तीन वाघ व एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जानेवारी २०२५ च्या आरंभीं आला, त्यांतहि एच्-५ एन्-१ हाच विषाणु निघाला. खाद्य म्हणून घातलेल्या मांसावाटे तो आला असावा असा संशय घेतला गेला. आतां कोंबडी पशुसंवर्धन खात्याची, वाघ वनखात्याचा, वाघास मांस घालणारा माणूस आरोग्य खात्याचा, आणि फाटक लावून रस्ता अडविणें हें काम महसूल व पोलीस खात्यांचें. रोगानें मात्र ह्यांपैकीं कोणत्याहि खात्याची परवानगी मागितली नाहीं.

हें ओळखूनच सरकारनें ‘वन हेल्थ’, म्हणजे माणूस, जनावर व रान ह्या तिहींचें आरोग्य एकच मानण्याचें, धोरण पत्करलें आहे. ह्या कार्याच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजीं बसली ती आमच्या नागपुरासाठींच. आणि ह्या संस्थेच्या संचालकाकडेच देशव्यापी मोहिमेचें नेतृत्व देण्याचें केंद्रीय मंत्रिमंडळानें फेब्रुवारी २०२४ मध्यें ठरविलें. ऑगस्ट २०२४ मध्यें अजमेर येथें ‘विषाणु युद्ध अभ्यास’ ह्या नांवाची कवाईतहि झाली. तींत सांथ आली आहे अशी कल्पना करून पशुवैद्य, डॉक्टर व इतर खात्यांचे लोक एकत्र राबले. हें सर्व आम्हांस मनापासून पसंत आहे. परंतु ह्या साऱ्या यंत्राचें चाक फिरूं लागतें तें कोणीतरी पहिली वर्दी दिल्यावर, आणि ती वर्दी ज्याच्या शेडमधून यावयाची त्या शेतकऱ्याचा विचार ह्या योजनांत सर्वांत शेवटीं होतो, अशी आमची तक्रार आहे.

वर्दीचा धागा तुटला म्हणजे काय होतें हें ह्या प्रांतानें एकदां पाहिलेलें आहे. १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझाची सांथ मुंबईहून आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरली. त्याच सालीं पावसानें दगा दिला होता, आणि पुष्कळ डॉक्टर लढाईवर गेलेले होते. मध्य प्रांत व वऱ्हाड येथील मृत्यूचें प्रमाण साऱ्या हिंदुस्थानांतील अत्यंत वरच्या प्रमाणांपैकीं होतें. १९११ च्या शिरगणतींत प्रांताची वस्ती सुमारें १ कोटी ३९ लाख भरली होती. १९२१ च्या शिरगणतींतहि आंकडा जवळजवळ तोच, किंबहुना किंचित् कमीच. दहा वर्षांची वाढ मुख्यत्वें त्या एका हंगामानें गिळली. आणि मेले ते म्हातारे-कोतारेच नव्हेत. वीस ते चाळीस वयाचे, म्हणजे औत धरणारे हात, फार गेले.

त्या काळीं गांवांतील जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यावर देत असे. आमचें आयुष्य महसूल कचेरींत गेलें असल्यामुळें तीं कोतवाल-बुकें आम्हीं पुष्कळ हाताळलीं आहेत. जातीच्या दाखल्यासाठीं लोक अजूनहि त्यांचीं पानें शोधीत येतात. गांवची खबर सरकारास पोंचण्याचा तोच एक भरंवशाचा धागा होता. सांथींत कोतवालहि अंथरुणास खिळले, आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या हें त्या वेळच्या सरकारी अहवालांनींहि कबूल केलें.

आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. तेव्हां आज वर्दी अडेल ती साधन नाहीं म्हणून नव्हे. ज्याच्याजवळ बातमी आहे त्यालाच ती सांगण्यांत तोटा दिसतो म्हणून अडेल. देशांतील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास सांपडला. तत्पूर्वींच तेथें कोंबड्या मरूं लागल्या होत्या, परंतु ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, समजली गेली. दोहोंचीं लक्षणें सारखीं दिसतात, त्यामुळें चूक होणें अस्वाभाविक नव्हतें. पण मनास सोयीचें तेंच आधीं खरें वाटतें, हाहि मनुष्यस्वभाव आहेच.

शेतकऱ्याचा हिशेब कसा चालतो तो पाहा. महिना-सव्वा महिन्याचे पक्षी शेडमध्यें आहेत, विक्री आठवड्यावर आली आहे. दहा मेले, दुसऱ्या दिवशीं तीस मेले. २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याप्रमाणें गांवच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविणें हें मालकाचें कर्तव्य आहे. कळवावें तर नमुना भोपाळला जाणार, निकाल येईपर्यंत विक्री बंद. निकाल वाईट आला तर आपले पक्षी जातीलच. शिवाय एक किलोमीटरच्या आंतील शेजाऱ्यांच्या कोंबड्याहि मारल्या जातील, आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख बसेल. सारा गांव विचारील कीं, तुला कोणीं सांगितलें होतें बोलावयास? मोबदला मिळतो तो सरकारी पथकानें मारलेल्या पक्ष्यांचा व नष्ट केलेल्या अंड्यांचा आणि खाद्याचा. रोगानें आधींच मेलेल्या पक्ष्याचा नाहीं. करार पद्धतींत तर पिलें व खाद्य कंपनीचें, शेड व श्रम शेतकऱ्याचे; रिकाम्या शेडचा मोबदला कोण देणार? असा हिशेब करून मनुष्य दोन दिवस गप्प राहतो, आणि त्या दोन दिवसांत एखादा टेम्पो भरून बाजाराकडे निघतो.

मेलेल्या पक्ष्याचा मोबदला नाहीं हा नियम लोकांनीं लवकर बोलावें म्हणूनच केलेला आहे, हें आम्ही जाणतों. परंतु वर्दी दिल्यापासून निकाल लागेपर्यंत जे पक्षी मरतात त्यांचा तोटा लवकर बोलणाऱ्यासच सोसावा लागतो. तेव्हां नियमाचा हेतु एकीकडे व परिणाम दुसरीकडे अशी स्थिति होते.

हें कांहीं आपल्याच देशाचें रडगाणें नव्हे. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत टेक्सास व कॅन्सास संस्थानांतील दुभत्या गाईंत हाच विषाणु आढळला आणि पुढें गोठ्यांवरील मजुरांसहि बाधा झाली. तेथें शेतकी खातें, औषध व अन्न खातें आणि रोगनियंत्रण खातें अशीं तीन बलाढ्य खातीं कामास लागलीं. तरी पुष्कळ गोठेवाले तपासणीस नाखूष राहिले. कोंबड्यांच्या मालकांस मोबदल्याची सोय आधींपासून होती. दुधाच्या तोट्याची भरपाई जुलै २०२४ पासून सुरू झाली. एवढ्या श्रीमंत देशांतहि शेतकऱ्याचें तोंड बातमीपेक्षां भरपाईनें लवकर उघडतें.

ह्यावर उपाय आमच्या जुन्या धंद्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. गारपीट झाली म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक शेतांत जाऊन संयुक्त पंचनामा करितात. (हल्लीं ह्या पदांचीं नांवें बदललीं आहेत, पण गांव अजून जुन्याच नांवांनीं हांक मारतें.) ह्या पद्धतींत दोष पुष्कळ आहेत, एका सहीसाठीं तीन आठवडे फिरलेला कागद आम्हीं स्वतः पाहिला आहे. तरी तीन खातीं एका बांधावर उभीं राहतात ही त्यांतली मोठी गोष्ट आहे. तसाच पंचनामा येथें कां नसावा? वर्दी मिळाल्यापासून एका दिवसाच्या आंत पशुधन पर्यवेक्षक, आरोग्य सेवक व तलाठी ह्यांनीं शेडवर यावें. पर्यवेक्षकानें पक्षी मोजून नमुना घ्यावा, आरोग्य सेवकानें शेडवर राबणाऱ्या माणसांचा ताप-खोकला पाहावा, तलाठ्यानें जिवंत पक्ष्यांची संख्या लिहून घ्यावी. पुढें रोग सिद्ध झाल्यास मोबदला त्या दिवशींच्या संख्येवर द्यावा, मारण्याच्या दिवशीं उरलेल्या संख्येवर नव्हे.

खोट्या वर्दी येतील अशी शंका कोणी काढील. रोग निघाला नाहीं तर मोबदलाच नाहीं. मग खोटें बोलून कोणाचें काय साधणार? सरकारी तिजोरीवर बोजा वाढेल हें खरें; परंतु नवापुराच्या वेळीं देशभर कोंबडीचा खप बसला, त्याचा बोजा कोणीं उचलला? ज्यांच्या घरीं एकहि कोंबडी नाहीं अशा आमच्या सोयाबीन पिकविणाऱ्या बंधूंनीं हें लक्षांत ठेवावें, कारण सोयाबीनची पेंड कोंबडीच्याच खाद्यांत जाते. आणि हा रोग माणसास क्वचित् होत असला तरी झाल्याची जी प्रकरणें जगभर नोंदलीं गेलीं त्यांपैकीं निम्म्याच्या सुमारास रोगी दगावले आहेत. माणसांमाणसांत सहज पसरण्याची शक्ति त्यास आली तर १९१८ ची आठवण पुसट वाटेल.

जिल्ह्याच्या ठिकाणीं ह्या विषयाच्या बैठकी भरतात, त्यांत खात्यांचे प्रमुख बसतात. तेथें दोन खुर्च्या शेडवाल्यांस व एक परसांत दहा-पांच कोंबड्या पाळणाऱ्या बाईस द्यावी, कारण कोणती कोंबडी आज खुराड्यांतून उतरली नाहीं हें पहांटे तिलाच प्रथम दिसतें. आमच्या संघानें जिल्हाधिकाऱ्यांकडे हा अर्ज येत्या पावसाळ्यापूर्वीं करावा. खुर्च्या मिळावयास वेळ लागला तरी एक गोष्ट उद्यांपासून होऊं शकते: वर्दी देणाऱ्यास तेथल्या तेथें लेखी पोच मिळावी. दोन ओळी पुरेत. मात्र तींत तारखेबरोबर वेळहि लिहिलेली असावी.