टाकी मोठी घ्या, पण जुना स्पंज फेकू नका!



गेल्या महिन्यात रविवारच्या वर्गात बाईंनी मुलांना 'माझा आवडता प्राणी' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तिसरीतल्या आमच्या कन्येने आपल्या गोल्डफिशवर लिहिलं. पहिल्या चार ओळी छान होत्या. पाचवी ओळ अशी : "मी जास्त खायला दिलं म्हणून मोदक मेला." वही वाचून मी तिथेच बसले. कारण मोदक तिच्यामुळे मेला नव्हता, माझ्या स्वच्छतेमुळे मेला होता. म्हणून हा लेख.

हकीकत अशी. आमच्याकडे ५ गॅलनच्या छोट्या टाकीत दोन गोल्डफिश होते. नारिंगी तो लाडू, पांढरा तो मोदक. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. तेव्हा मोठी टाकी घेण्याचा आमचा निर्णय बरोबरच होता. एका शनिवारी आम्ही २९ गॅलनची, म्हणजे सुमारे ११० लिटरची टाकी आणली. आणि माझ्या अंगात दिवाळीची साफसफाई संचारली! जुनी खडी गरम पाण्याने खळखळून धुतली. फिल्टरमधला बुळबुळीत स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, तरी काळपटपणा जाईना, म्हणून शेवटी फेकून दिला आणि नवा कोरा घातला. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, की क्लोरीन घालवायचं औषध टाका आणि लगेच मासे सोडा. आम्ही सोडले. पाणी कसं आरशासारखं दिसत होतं!

सोमवारी पाणी गढूळ झालं. बुधवारी दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकायला लागले. गुरुवारी सकाळी मोदक गेला.

ह्यांचं म्हणणं, ती शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा पांढरा मासा आणून सोडू. दोन-चार डॉलरचा तर प्रश्न! मी नको म्हटलं. पण तिला कारणही सांगितलं नाही, नुसतं "देवबाप्पाकडे गेला" म्हणून मोकळे झालो. आता कळतं, की आपण कारण सांगितलं नाही तर मुलं ते स्वतःच शोधतात, आणि बहुतेक वेळा ते स्वतःतच शोधतात.

खरं कारण आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. बाटलीत टाकीचं पाणी घेऊन दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने ते तपासलं आणि विचारलं, "जुना फिल्टर कुठे आहे?"

मुलांनो, नीट लक्ष द्या. मासे पाण्यातच श्वास घेतात, पाण्यातच खातात आणि शी-शूही पाण्यातच करतात. त्यातून अमोनिया नावाचं विष तयार होतं. त्याने माशांचे कल्ले पोळतात. पण जुन्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खडीवर आणि मुख्यतः फिल्टरच्या त्या बुळबुळीत स्पंजवर राहतात. मी 'घाण' म्हणून फेकले ते हेच! नव्या टाकीत ते आपोआप वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पालकांना एका शब्दात सांगायचं तर तो स्पंज म्हणजे विरजण. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवतो. पातेलं घासूनपुसून लख्ख केलं आणि विरजणच सांडून दिलं, तर रात्रभर थांबूनही सकाळी दूध ते दूधच!

तेव्हा माझं स्पष्ट मत असं, की टाकी बदलायची तर जुना फिल्टर न धुता जसाच्या तसा नव्या टाकीत लावावा. नवा फिल्टर घेतला असेल तर महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालू द्यावेत, किंवा जुना स्पंज नव्यात घालावा. धुवायचाच झाला तर टाकीतल्याच पाण्यात हलकेच हलवावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. मासे एकदम ओतू नयेत. बादलीत जुन्या पाण्यात ठेवून दर पाच-दहा मिनिटांनी नव्या टाकीतलं थोडं थोडं पाणी त्यात घालावं, तासाभराने जाळीने उचलून सोडावेत. पहिले काही आठवडे खाणं कमी द्यावं, नवे मासे आणू नयेत आणि पाणी तपासत राहावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. आणि हो, २९ गॅलन पाण्याचंच वजन २४० पौंड होतं, तेव्हा टाकी कुठल्याही टेबलावर ठेवू नका!

कुणी म्हणेल, एका माशासाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्याला नोकरी आहे, मुलांना क्लास आहेत, शनिवार एकच मिळतो. मान्य. पण मग मासे आणूच नयेत. आणल्यावर ते खेळणं नसतं, आणि मूल त्याला दोन-चार डॉलरचा समजत नाही. त्याने त्याला नाव दिलेलं असतं.

लाडू वाचला. रोज पाव टाकी पाणी बदललं, खाणं अगदी कमी केलं, आणि पाचव्या आठवड्यात अमोनिया उतरला. आता दर रविवारी कन्या स्वतः पाणी तपासते. पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवा झाला तर अमोनिया. आकडे ती वहीत मराठीत लिहिते.

त्या पाचव्या ओळीबद्दल मी तिला सगळं खरं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खोडरबर आणलं आणि नवी ओळ लिहिली : "आईने फिल्टर धुतला म्हणून मोदक मेला."

वाचून बरं वाटलं नाही. पण ओळ बरोबर आहे, आणि बाईंनीही तिला पूर्ण गुण दिले!

— एक पालक