डबीवरचं बारीक अक्षर

गेल्या महिन्यात वन्सं अमेरिकेहून आल्या. बॅगेतून बदाम निघाले, साबण निघाले आणि शेवटी मामंजींसाठी एक डबी निघाली. “अण्णा, याने रक्त पातळ राहतं. आणि औषध नव्हेच हे, अगदी नैसर्गिक आहे!”

मामंजींच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची, आणि ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी. त्या सुईला ते अगदी कंटाळलेले. डबी पाहून त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे आता ती गोळी बंद!” माझ्या मात्र काळजात धस्स झालं.

डबीत होतं ‘नाटोकायनेज’ नावाचं एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. आपण इडलीचं पीठ आंबवतो, तसे जपानात उकडलेले सोयाबीन आंबवून ‘नाटो’ करतात. चिकट, तार सुटणारा पदार्थ. रक्ताची गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळीने धरून ठेवलेली असते. नाटोतलं विकर ती जाळी विरघळवतं, असं डॉ. हिरोयुकी सुमी यांनी १९८७ साली दाखवलं. पुढे त्याच्या कॅप्सूल निघाल्या. आपल्याकडेही त्या मिळतात.

पण काचेच्या नळीत घडलं ते माणसाच्या शरीरात घडेलच असं नाही. २०२१ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. २६५ माणसं, जवळजवळ तीन वर्षं. निम्म्यांना नाटोकायनेज, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होणं दोन्हीकडे सारखंच राहिलं. गुठळी विरघळवणारी खरी औषधं आहेत, नाही असं नाही. स्ट्रेप्टोकायनेज हेही तसंच, पण ते इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली, शिरेतून देतात.

आता मला धस्स का झालं ते सांगते. अमेरिकेतल्याच एका रुग्णाची हकीकत डॉक्टरांनी २०१५ साली छापली आहे. कृत्रिम झडप बसवल्यावर वॉरफरिनची गोळी सोडून जवळजवळ वर्षभर नाटोकायनेज घेतलं. झडपेवर गुठळी धरली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. बरं, गोळी न सोडता दोन्ही घेतली तर? तर रक्त वाहण्याचा धोका वाढतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

तेव्हा घरात अशी डबी आली, तर एवढं करा. चष्मा लावून बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या अशा पूरक डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना हवी, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१६ सालचा नियम आहे. घरात कुणी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना डबी दाखवल्याशिवाय ती उघडू नका. दात काढायचा असो की ऑपरेशन, काय काय घेतो ते आधी सांगा. “ते काय, नैसर्गिकच आहे” म्हणून लपवू नका. आणि छातीत दुखून दरदरून घाम सुटला तर कॅप्सूल शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

हृदयासाठी करण्यासारखं आपल्या हातात पुष्कळ आहे. दिवसाचं मीठ माणशी एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवा. त्यात लोणचं-पापडातलंही धरा बरं का! तंबाखू, मिश्री घरातून जाऊ दे. संध्याकाळी सारसबागेला एक फेरी होऊ दे.

आम्ही ती डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी वन्संना न दुखावता ती बाजूला ठेवली आणि मामंजींना म्हणाले, “गोळी एक दिवसही चुकवायची नाही.” वन्सं थोड्या हिरमुसल्या, पण दुसऱ्या दिवशी वडिलांना तपासणीला त्याच घेऊन गेल्या. सुईच्या वेळी मामंजींनी त्यांचा हात घट्ट धरला म्हणे. त्या डबीपेक्षा त्यांना तेच जास्त हवं होतं, असं मला वाटतं.