समविचारी की समानधर्मा?

भवभूतीच्या 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत 'समानधर्मा' असा एक शब्द येतो. आपल्या नाटकांची उपेक्षा करणाऱ्यांना उद्देशून कवी तिथे जे म्हणतो, त्याचा आशय संस्कृतच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आपला खटाटोप या मंडळींसाठी नाहीच. आपल्या प्रकृतीचा कुणीतरी पुढे केव्हातरी जन्माला येईल, त्याच्यासाठी तो आहे, असा त्याचा भावार्थ. हा कवी आपले मूळ विदर्भातील पद्मपुरात असल्याचे सांगतो आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर आमगावजवळचे असल्याचे प्रतिपादन केले आहे. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे आणि तिथल्या एका महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. आपल्या जातकुळीचा माणूस न भेटल्याची संस्कृत साहित्यातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध तक्रार अशा रीतीने आमच्याच जिल्ह्याच्या नावे जमा आहे.

आम्हाला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो, त्याचे कारण मात्र साहित्यिक नाही. आमच्या घरातली दोन मुले शाळेत जात नाहीत. शाळेचे वेळापत्रक आणि पाठ्यपुस्तके घरी आणून त्यांना शिकवावे, असेही आम्ही करत नाही. ती आपल्या कुतूहलाच्या मागे जात, आपल्या गतीने शिकतात. भवभूतीला वाट पाहणे शक्य होते, कारण ग्रंथ शतकानुशतके थांबू शकतो. नऊ वर्षांचे मूल थांबू शकत नाही. त्याला सोबती आज संध्याकाळी हवा असतो.

या प्रकाराला इंग्रजीत 'अनस्कूलिंग' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. 'गृहशिक्षण' म्हटले की घरात भरलेली शाळा डोळ्यांसमोर येते, 'स्वशिक्षण' म्हटले की एकट्याने केलेला अभ्यास. सरकारदरबारी मात्र एक शब्द तयार आहे, 'शाळाबाह्य'. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले मूल आणि पुस्तकांनी भरलेल्या घरात राहणारे आमचे मूल, दोघेही त्याच रकान्यात बसतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर सोपवतो. घरी शिकण्याविषयी तो काहीच बोलत नाही. पुढे दहावी द्यायचीच झाली तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. वर्तमानपत्रांना रस असतो तो याच टप्प्यात. २०१६ साली शाळा सोडलेल्या मुंबईतील एका मुलीला बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला, तेव्हा ती बातमी सर्वत्र झळकली. पण प्रवेश ही शेवटची पायरी झाली. त्याआधीची दहा-बारा वर्षे मूल कुणाबरोबर वाढते, हा प्रश्न बातमीत येत नाही आणि घरात रोज येतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर सर्वत्र एकच मिळते: समविचारी कुटुंबे शोधा. उत्तर जुनेही आहे. 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ करणारे जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. ते २००१ पर्यंत चालले. त्याचा मोठा भाग पालकांच्या पत्रांनी व्यापलेला असे, आणि ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची यादीही त्यात छापली जाई. महाराष्ट्रात शाळेपलीकडचा विचार करणाऱ्या पालकांना १९८७ पासून 'पालकनीती' मासिकाने एकमेकांची चाहूल दिली. शाळामुक्त कुटुंबांचे गट आज प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडे आहेत. आमच्या जिल्ह्यातून तिकडे जायचे तर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. तिने पुणे गाठायचे म्हणजे राज्य जवळजवळ पूर्ण ओलांडायचे.

अशा मेळाव्यांचे ऋण आम्ही नाकारत नाही. 'तू कितवीत आहेस?' हा प्रश्न जिथे कुणीही विचारत नाही, अशा जागी दोन दिवस राहिल्याने मुलाचे खांदे सैल होतात, हे आम्ही पाहिले आहे. तरीही तिथे आमच्या मनात एक शंका घर करते. तिथे जमलेल्यांचे विचार जुळतात हे खरे. पण त्यांची मिळकत, त्यांची इंग्रजी, त्यांची घरे, बरेचदा त्यांच्या जातीही जुळतात. मूल शाळेत न घालण्याचे धाडस करायला जे आर्थिक आणि सामाजिक बळ लागते, तेच मुळात एका वर्गाकडे आहे. 'समविचारी' या शब्दाआड 'समवर्गीय' हा शब्द सहज लपतो. भिंती नसलेले शिक्षण शोधायला निघालेली माणसे, हातात ओळखपत्र नसलेली का होईना, एक नवी भिंत उभारतात.

आमच्या गावात ही गोष्ट विसरणे शक्य नाही. शेजारच्या ढीवर कुटुंबातली मुलगी त्या घरातली बारावी झालेली पहिली व्यक्ती आहे. तिची आई रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून उभी असते. त्या माउलीला शाळा ही निरुपयोगी गोष्ट आहे, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. ज्यांना शाळेच्या दारातूनच परत पाठवले जात होते, त्यांच्या वतीने केलेली ती मागणी होती. शाळा नाकारणाऱ्याने हा इतिहास आधी वाचला पाहिजे. शाळा नाकारली जाणे आणि शाळा नाकारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, 'शाळाबाह्य' हा रकाना ते कितीही पुसून टाको.

मग सोबत शोधायची कुठे? शाळेबाहेरच्या शिक्षणाची जी उदाहरणे आपण आदर्श म्हणून सांगतो, ती जरा नीट पाहावीत. गांधीजी जानेवारी १८९७ मध्ये डर्बनला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन मुलगे आणि एक भाचा होता. त्यांनी या मुलांना तिथल्या शाळेत घातले नाही आणि घरच्या शिक्षणातल्या उणिवांविषयी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले. त्यांच्या प्रयोगाला खरी सोबत मिळाली ती १९१० नंतर टॉल्स्टॉय फार्मवर. तिथली हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुले वेगवेगळ्या भाषा बोलत. त्यांचे पालक शिक्षणविषयक एखाद्या सिद्धान्तासाठी जमलेले नव्हते. सत्याग्रहाने त्यांना एकत्र आणले होते. शाळेला विटलेल्या रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली, आणि पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्यांचा मुलगा रथींद्रनाथ होता. शाळा टाळणाऱ्यालाही आपल्या मुलासाठी इतर मुले गोळा करावी लागली.

आमच्या आग्नेयेला, छत्तीसगडच्या हद्दीपलीकडे, बस्तर आहे. तिथल्या मुरिया गोंडांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातले शिक्षणप्रेमी गोटुलाचे नाव फार हळवेपणाने घेतात. पण गोटुल हे आवडीने निवडलेल्या मित्रांचे मंडळ नव्हते. गावातली सगळी अविवाहित मुले-मुली तिथे येत, केवळ ती त्या गावची म्हणून. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचे, भांडणे आपापसात मिटवायची, हे सारे नावडत्या मुलांसह करायचे असे.

इव्हान इलिच यांनी १९७१ च्या 'डीस्कूलिंग सोसायटी'त शाळेऐवजी शिक्षणाची जाळी सुचवली, तेव्हा त्यांना अभिप्रेत असलेला सहाध्यायीसुद्धा समान मतांचा नव्हता. एखादे पुस्तक, एखादे कौशल्य, एखादा प्रश्न ज्याला त्या वेळी महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी जो भेटायला तयार आहे, तो सहाध्यायी. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरात, श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तो याच जातीचा होता. त्यातल्या द्राक्षबागायतदारांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या शेतात करून पाहिलेला प्रयोग आणि तो दुसऱ्याला सांगण्याची तयारी.

इथे भवभूतीचा शब्द आमच्या उपयोगी पडतो. समविचारी माणसाचे मत आपल्यासारखे असते. समानधर्मा माणसाची प्रकृती आपल्यासारखी असते. आपले काम जो मन लावून, त्याच्याच ओढीने करतो आणि जवळ बसलेल्याला ते पाहू देतो, तो शिकणाऱ्या मुलाचा समानधर्मा, मग त्याचे शाळेविषयीचे मत काहीही असो. या अर्थाने पाहिले तर गोंदिया जिल्हा ओसाड नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार उभी राहते आणि त्यानंतर झाडीपट्टीतली नाटके सुरू होतात. त्यांच्या तालमीच्या जागी मुलाला कुणी हाकलून देत नाही. कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांचे, म्हणजे मामा तलावांचे पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचे याचे गणित, तलावातल्या माशांची नावे, ढिवरांच्या जाळ्यांचे प्रकार, यांना पाठ्यपुस्तकात जागा नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले तेव्हा ते शिकलेसवरलेले होते. तरीही तिथल्या तलावाचे आणि पाखरांचे ज्ञान त्यांना माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या स्थानिक जाणकारांनी दिले, आणि ते ऋण त्यांनी लेखनातून वारंवार मान्य केले. त्या दोघांचे किती विषयांवर एकमत होते, याची चौकशी आपण करत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. जाणकार माणूस गुरू होईल, पण खेळगडी होणार नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच गावातली मुले शाळेत असतात. त्या वेळात आमच्या मुलांना म्हातारी माणसे, गुरे आणि तलाव एवढीच सोबत उरते. 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांकडे दंडकारण्यात निघालेली दिसते. कुश-लव इतके तल्लख आहेत की त्यांच्याबरोबर अध्ययन करणे तिला जमत नाही. गुरू तोच, विद्या तीच. सहाध्यायी जुळत नाहीत म्हणून एक विद्यार्थिनी अरण्य तुडवते आहे. समवयस्काची उणीव उत्तम गुरूनेही भरून निघत नाही, हे भवभूती जाणून होता.

म्हणूनच आमचे मत असे आहे, आणि ते आमच्या समविचारी मित्रांना रुचणार नाही. शाळामुक्त कुटुंबाने आपली वेगळी वसाहत शोधू नये. वर्षातून एकदा मेळाव्याला जावे, धीर घेऊन यावे. पण घर करावे ते गावातच, आणि गावात राहायचे तर गावच्या शाळेशी नाते ठेवावे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पुस्तके वाचायला बसतो. शाळेतली मुले येतात, आमची दोन असतात, आणि पुस्तकावरून भांडणे जुंपली की कोण पटावर आहे नि कोण नाही हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला. त्या वेळी आम्हाला विचारले गेले की, तुमची मुले शाळेत जातच नाहीत, तर शाळा राहिली काय आणि गेली काय, तुम्हाला त्याचे काय? आमचे उत्तर सरळ आहे. जंगलकाठच्या लहान गावात सर्व जातींची, सर्व घरांची मुले रोज एकत्र जमतात अशी ती एकच जागा आहे. ती बंद झाली तर तिथली मुले दूरच्या गावी जातील, काही घरीच बसतील, आणि आमच्या मुलांची संध्याकाळही रिकामी होईल. सक्तीच्या वेळापत्रकाला आमचा विरोध आहे. मुलांनी एकत्र जमण्याला कधीच नव्हता. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी गावची शाळा टिकवण्यासाठी पुढे यावे, यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक बरेच असतील. आमचा निर्णय त्यांना पटावा असा आग्रह नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पहिल्या पिढीच्या मुलांना शिकवण्यात आयुष्य घातले आहे आणि त्यांचा विरोध आम्ही आदराने ऐकतो. मागणे इतकेच आहे की, पटावर नाव नसलेले एखादे मूल मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे दिसले तर त्याला खेळात घ्यावे. त्याला खेळात घेणारे गुरुजी आमच्या विचारांचे असण्याची काहीच गरज नाही.