व्हीगन बूट आणि नवापूरचा समुद्र

परवा चुलतभावाने ऑनलाइन बूट मागवले. खोक्यावर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, ‘व्हीगन लेदर’. तो खूश होता. मी बोईसरची. तारापूर एमआयडीसीचा वास रात्री आमच्या खिडकीतून आत येतो. त्यामुळे हिरवं पान दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, याचं सांडपाणी कुठे गेलं?

व्हीगन लेदर म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा थर. सरळ सांगायचं तर प्लॅस्टिक. आपल्या आईवडिलांच्या वेळी त्याला रेक्झिन म्हणायचे आणि ते हलकं समजलं जायचं. नाव बदललं, भाव वाढला.

खऱ्या चामड्याची वकिली मला करायची नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. त्यातलं सगळं क्रोमियम कातडीत मुरत नाही, उरलेलं पाण्यातून बाहेर पडतं. कानपूरच्या जाजमऊमध्ये गंगेचं काय झालं ते आपण जाणतो.

मग कमी वाईट कोणतं? हे ठरवायला ‘जीवनचक्र मूल्यांकन’ करतात. त्यातली मेख बघा. कातडी हा खाटीकखान्यातला टाकाऊ माल मानला, तर गुराचा मिथेन आणि चाऱ्याचं पाणी मांसाच्या खात्यावर जातं, चामडं स्वच्छ ठरतं. किमतीच्या प्रमाणात तो बोजा कातडीवरही टाकला, की तेच चामडं घाणेरडं ठरतं. ‘हिग’ निर्देशांकात कृत्रिम चामड्याला खऱ्यापेक्षा बरे गुण मिळाले, तेव्हा 2020 मध्ये चामडे उद्योगाच्या संघटनांनी तो आकडा मागे घ्या म्हणून ओरड केली. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं गणित मांडतात.

माझं भांडण दोघांशी आहे. हे आकडे चौरस मीटरमागची सरासरी सांगतात. विष कोणत्या खाडीत गेलं, ते सांगत नाहीत. चामडं खरं असो वा खोटं, त्याला लागणारे रंग आणि रसायनं आमच्यासारख्याच वसाहतींत बनतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं. असा पहिला नंबर कोणाला हवा होता? वसाहतीचं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरच्या समुद्रात जातं. मांगेला समाजाची परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखान्यांना आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई भरायला सांगितलं.

हे सगळं बुटांमुळे झालं असं मी म्हणत नाही. इथे औषधं, कापड, पोलादही बनतं. पण ज्या मूल्यांकनात नवापूर, मुरबे, सातपाटीचं नावच येत नाही, त्याच्या जोरावर कोणी ‘पर्यावरणस्नेही’ म्हणवून घेऊ नये.

आणि ही रीत नवी नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवलं. चपला मात्र गावभर मिरवल्या. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानमध्ये मिरवल्या. कमावणाऱ्यांची आठवण आपल्याला भांडण पेटल्यावर झाली. घाण एकाच्या दारात, शोभा दुसऱ्याच्या पायात. तेव्हा जात हे ठरवायची, आता एमआयडीसीचा नकाशाही ठरवतो.

म्हणून नवा बूट घेताना कंपनीला तीन गोष्टी विचारा. रंग आणि थर कोणत्या कारखान्यात बनला? त्याचं पाणी कुठे सोडलं जातं? तिथे कोण राहतं? उत्तर आलं नाही, तर आधी जुन्या बुटाला तळवा लावून घ्या. बोईसर स्टेशनजवळ अजून लावून मिळतो. चुलतभावाने कंपनीला मेसेज केलाय. उत्तरादाखल हिरव्या पानाचा इमोजी आलाय.