इथेनॉल आपले, इंजिनही आपलेच



आपल्या उसाच्या रसापासून व मळीपासून निघणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झालेली ही मिसळ २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचली. उसाचे बिल वेळेवर निघण्यास त्या पैशाचा हातभार लागतो, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु त्याचबरोबर वडगाव, कामशेत, लोणावळ्याच्या गॅरेजांत जुन्या गाडीवाल्यांची तक्रार ऐकू येते, की गाडी घाटात ओढत नाही, ॲव्हरेज गेले. आपल्यापैकी काही म्हणतात, हा सारा कांगावा आहे. गिऱ्हाईक म्हणते, ऊसवाल्यांनी इंजिनाची वाट लावली. आमच्या मते दोन्ही बोलणी अर्धवट आहेत.

मूळ गोष्ट अशी. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असल्याने त्याला नऊ किलो पुरते. २० टक्के मिसळीला साधारण साडेतेरा. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या मापाचे. ते पूर्वीइतकेच तेल सोडते, हवाही तितकीच येते, आणि ती सात-आठ टक्क्यांनी वरचढ होते. यालाच मेस्त्री 'मिक्श्चर लीन झाले' म्हणतात. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड कमी आणि वारा जास्त झाला तर काहिलीला नीट आच लागत नाही, तसलाच हा प्रकार. इंजिनात मात्र नुकसान जास्त. लीन मिसळ रेंगाळत जळते, उष्णता वाढते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच आत जात असेल, तर तेल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो.

हा दोष ओळखायला मोठी विद्या लागत नाही. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना, शिंग्रोबाच्या आधीच गाडी मिसिंग करू लागली, कार्ब्युरेटरमधून फट्‌फट् आवाज आला, काटा तापू लागला, तर चोक किंचित ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिक्श्चर लीन आहे असे धरून चालावे. गाडी थंड झाल्यावर प्लग काढावा. बिस्किटासारखा रंग चांगला, काजळी असेल तर तेल जास्त, आणि पांढराफटक असेल तर हवा जास्त.

पण म्हणून लगेच इथेनॉलच्या नावाने बोटे मोडू नयेत. पुष्कळदा खरा चोर दुसराच असतो. म्हणून दुरुस्ती क्रमाने करावी. प्रथम इंजिन कोठून चोरटी हवा घेते का ते पाहावे. गाडी चालू ठेवून कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट, रबर आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर साबणाचे पाणी मारावे. आवाज बदलला तर तेथे गळती आहे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून परीक्षा करू नये, आग लागते. नंतर फिल्टर, पंप व फ्लोटची पातळी पाहावी. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवते. तो जेटमध्ये बसतो. जेट हवेच्या झोताने साफ करावे, तार घालू नये, भोक मोठे होते. जुने रबरही इथेनॉलने फुगते किंवा चिरते. ते इथेनॉलला टिकणारे बसवावे. एवढे झाल्यावरच जेट एक नंबर मोठे करण्याचा विचार करावा. ट्यूनिंगचा स्क्रू काही गाड्यांत हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा. तो पाव पाव फेऱ्यानेच फिरवावा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ, त्यामुळे तेल थोडे जास्त पडते. तेथे स्क्रू आवळून 'बरोबर' केलेली गाडी खाली खोपोलीला लीन होते. तेव्हा ट्यूनिंग कोठे केले, हेही पाहावे.

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर तेल आपोआप वाढवतो. त्याची मर्यादा संपली की दिवा लागतो. स्कॅनरवर 'पी ०१७१' असा कोड आला तर तोही लीनचाच. तेथेही आधी हवेची गळती, फिल्टर व पंप तपासावा, मगच सेन्सर बदलावा.

आता आमचे मत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे, की जुन्या प्रकारच्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिसळीने सहा-सात टक्के घटू शकते, दुचाकींचे तीन-चार टक्के. ही घट नाकारून गिऱ्हाइकाचा विश्वास मिळणार नाही. आपला माल विकत घेणाऱ्याला त्याचा गुणदोष सांगणे, हा सहकाराचाच धर्म आहे. तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. एक, गाळप हंगाम संपल्यावर कारखान्याच्या वर्कशॉपने सभासदांच्या जुन्या गाड्यांचे तपासणी शिबिर भरवावे, आणि गावच्या मेस्त्रींनाही बोलवावे. दुसरी, जुन्या गाड्यांसाठी पंपावर कमी मिसळीचे पेट्रोलही मिळावे, या मागणीला आपण विरोध करू नये. त्याने आपले थोडे इथेनॉल कमी खपेल, हे आम्ही जाणतो. पण आज चार लिटर कमी विकले गेले तरी चालेल. उद्या गिऱ्हाइकाने इथेनॉलचेच नाव टाकले, तर फटका आपल्याच उसाला बसेल.

वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी अवश्य मांडावा.