डोंगर मधोमधच कशाला?

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत. मांडवीचा काळा आणि मिऱ्याच्या बाजूचा पांढरा. वाळूच्या रंगावरून पडलेली ही नावं. कॅमेऱ्याला मात्र हा भेद कळत नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं धरूनच त्याचा मीटर चालतो. म्हणून ऑटोवर काढलेल्या फोटोत मांडवीची इल्मेनाइटयुक्त काळी वाळू फिकी पडते आणि पांढऱ्या समुद्राची वाळू मळकट दिसते.

भर उन्हात मागच्या स्क्रीनवर यातलं काही धड दिसत नाही. तिथे विश्वास ठेवावा तो हिस्टोग्रामवर, फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर. डावं टोक 0, म्हणजे ठार काळं. उजवं 255, म्हणजे पांढरंफेक. ज्या उजेडाचे पिक्सेल जास्त, तिथे आलेखाचा डोंगर उंच. ‘डोंगर मधोमध आला की एक्स्पोजर बरोबर’ हे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते साफ चूक आहे. काळ्या वाळूचा डोंगर डावीकडेच झुकायला हवा. बघायच्या त्या दोन्ही कडा. आलेख उजव्या कडेला जाऊन थडकला, तर लाटेच्या फेसातले बारकावे गेले. रॉमध्ये थोडी सवलत मिळते, कारण कॅमेरा दाखवतो तो आलेख जेपेगचा असतो. पण तिलाही मर्यादा आहे. भाट्याच्या सूर्यास्ताला तर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे पाहा. एकत्रित आलेख ठीक वाटतो, तेव्हाही लाल बऱ्याचदा कडेबाहेर गेलेला असतो.

कॉन्ट्रास्ट कळतो तो आलेखाच्या पसरटपणावरून. उक्षी गावातल्या हत्तीच्या कातळशिल्पाचा फोटो माथ्यावरच्या उन्हात घेतला, तर सड्याच्या जांभ्याचा सगळा आलेख एका अरुंद पट्ट्यात गोळा होतो आणि हत्तीची रेघ कातळात विरते. एक्स्पोजर वाढवल्याने तो पट्टा नुसता उजवीकडे सरकतो, रुंद होत नाही. सकाळचं तिरपं ऊन खाचांमध्ये सावली धरतं, तेव्हा तोच आलेख दोन्हीकडे पसरतो.

कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फोटो उठावदार यावा म्हणून त्यांच्या रेघांत खडू किंवा रंग भरू नका. ऊन कलेपर्यंत थांबा.